गावात पोट्ट्यांचा सिनेमा लावला, आता लोकाईले खरंच कसा वाटला ते कसं काढायचं

सिनेमा संपला, लाईट लागले आणि कोणी माईक घेऊन "कसा वाटला मंडळी?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असते. छान होता, मेसेज चांगला होता, असे कार्यक्रम होत राहावे. सरपंच बोलतात, हेडमास्तर दोन शब्द म्हणून वीस मिनिटं घेतात, आणि ज्या पोरापोरींसाठी एवढा खटाटोप केला ते अंधारात चपला शोधून केव्हाच पसार. त्याला प्रतिक्रिया म्हणू नका, ते आभारप्रदर्शन झालं. खरं मत पाहिजे असेल तर सिनेमा चालू असताना काय झालं ते टिपायचं, आणि प्रश्न विचारायचे ते दुसऱ्या दिवशी, वेगवेगळ्या ठिकाणी, आडून आडून.

पहिले निवड. वयात येणाऱ्या पोरांचे हसवणारे-रडवणारे सिनेमे मराठीत भरपूर आहेत, पण सगळे सगळ्यांसमोर चालत नाहीत. २०१३ चा 'बालक पालक' घ्या, पोरांना त्या वयात जे प्रश्न पडतात त्यावरच आहे, चांगलाच आहे, पण आजोबा, सून आणि आठवीतला नातू एकाच ताडपत्रीवर बसवले तर कोणीच मोकळं हसणार नाही आणि तुम्ही म्हणाल लोकांना आवडला नाही. असा सिनेमा पोरांना वेगळा आणि आईबापांना वेगळा दाखवा. सेन्सॉरचं सर्टिफिकेट पण पाहून घ्या, २०२३ च्या कायदा दुरुस्तीनंतर यूए (म्हणजे लहानांनी आईबापांच्या देखरेखीत पाहायचा) मध्ये ७+, १३+ आणि १६+ असे भाग झालेत, जुन्या सिनेमांवर नुसतं यूए दिसेल. आणि ओटीटीचं सबस्क्रिप्शन घरापुरतं असते बरं का, चौकात पडदा लावायचा असेल तर निर्मात्याची नाहीतर वितरकाची लेखी परवानगी मागा, कोणी तक्रार केली तर सिनेमा लावणाऱ्या तुमच्या मंडळाचं नाव जाते.

एक गोष्ट अजून, २०२२ चा 'झुंड' सारखा नागपुरात घडणारा सिनेमा लावला तर लोक जागा आणि बोली ओळखण्यातच रंगून जातात, "अबे हे तं नागपूर होय!" हा आनंद खरा आहे, पण तो गोष्ट आवडल्याचा नाही, तो वेगळा लिहून ठेवा.

वेळ. सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाची वेचणी ऐन भरात यायच्या आधी जमवलं तर माणसं येतात, पेरणीच्या दिवसात कोणी फिरकणार नाही. आपल्याकडं विदर्भात दिवस मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी बुडते, डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य गेला की सातपर्यंत पडद्यावर नीट दिसायला लागते, म्हणून नऊ-सव्वानऊला संपवता येते. उन्हाळ्यात आठ वाजले तरी जमीन तापलेली असते, लोक वारा घ्यायला उठतात आणि तुम्हाला वाटते सिनेमा बोअर झाला. लाईटचा भरोसा नसेल तर जनरेटर सांगून ठेवा पण तो पडद्यापासून लांब, देवळाच्या मागं कुठं तरी, नाहीतर डायलॉगपेक्षा त्याचीच घरघर ऐकू येते.

आता बसण्याचं. लोक आपोआप वाटले जातात, समोर लहान लेकरं, एका बाजूला बाया, खुर्च्यांवर म्हातारी मंडळी, मागं मोटरसायकलींना टेकून पोट्टे. बदलायच्या भानगडीत पडू नका, उलट त्याचाच फायदा घ्या. प्रत्येक घोळक्याजवळ एक माणूस वही घेऊन बसवा, शक्यतो त्याच वयाचा. मागं पोट्ट्यांत गुरुजी बसवले तर काय होईल ते सांगायला नको. वहीत दर दहा मिनिटांचा एक रकाना, त्यात तीनच गोष्टी, कुठं हसले, कुठं गप्प झाले, कोण उठून गेलं. बस. जास्त लिहायला सांगितलं की लिहिणारा सिनेमा पाहत बसते आणि वही कोरी राहते. सोबत एक मोबाईल मागच्या बाजूला ठेवून नुसता आवाज रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी सिनेमासोबत लावून ऐकला की कोणत्या वाक्याला हशा आला ते बरोबर सापडते. पण सुरुवातीलाच सांगा की आवाज रेकॉर्ड होऊन राहिला. चेहऱ्यांचा व्हिडिओ काढायचा नाही म्हणजे नाही. एखाद्या पोरीचा रडतानाचा क्लिप व्हाट्सअपवर फिरला तर पुढच्या वेळी तिच्या घरचे तिला पाठवणार नाहीत, आणि बरोबरच करतील.

टिपताना काय पाहायचं ते जरा खोलात सांगतो, कारण इथंच बरेच जण फसतात. शिट्टी आणि हसू याचा अर्थ आवडलं असाच होत नाही. पोरानं पोरीला चिठ्ठी दिली की मागून शिट्टी येणारच, ती शिट्टी पडद्यासाठी नसते, शेजारच्या मित्रासाठी असते. पूर्व विदर्भात झाडीपट्टीचं नाटक ज्यानं पाहिलं त्याला माहीत आहे, आपला प्रेक्षक रात्रभर जागून वन्स मोअर मागणारा आहे, आवाज करणं हा त्याचा हक्कच आहे, त्यामुळं नुसत्या आवाजावर जाऊ नका. लक्ष ठेवा एकाच सीनला एक घोळका हसला आणि दुसरा गप्प राहिला तिथं. समजा पडद्यावर पोरगं नापास होते, निकाल लपवते, बाप शोधत येते. लेकरं हसतात, कारण पळापळ आहे. बाया "अगं बाई" करतात. आणि खुर्च्यांवरचे दोघं-तिघं नेमके तेव्हाच खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटायला बाहेर. वहीत "तिघं उठून गेले, बोअर" असं लिहिलं असेल तर ते साफ चूक. आधीचा तासभर जे हलले नाहीत ते बापाचा हात उठायच्या क्षणाला का उठले, हाच तर त्या संध्याकाळचा सगळ्यात मोठा रिस्पॉन्स आहे.

संपल्यावर कोणाला काही विचारू नका, चहा द्या, जाऊ द्या. फार तर जाताना मत टाकायची सोय करा. चिठ्ठ्या नको, गुरुजी अक्षर ओळखतात हे पोरांना पक्कं माहीत असते आणि आजीला लिहिता येत नाही. तीन डबे ठेवा, आवडला, ठीक, नाही आवडला, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक सरकी. डब्यांवर हसरं, सरळ आणि वाकडं तोंड काढा. डबे चादरीच्या आड पाहिजे, उघड्यावर ठेवले तर सगळ्या सरक्या पहिल्याच डब्यात. यातून का आवडला ते कळत नाही, पण माईकवरचं छान छान आणि डब्यातली सरकी यात किती फरक आहे ते कळते. गूगल फॉर्मची लिंक ग्रुपवर टाकायची असेल तर टाका, भरणारे तेच चार जण असतात.

दुसऱ्या दिवशी खरं काम. पोरांसाठी माझी आवडती युक्ती म्हणजे जो आला नव्हता त्याला गोष्ट सांगायला लावायची. "याले सांग बरं काय होतं पिक्चरमधी." मग गप्प राहून ऐका. कोणता सीन पहिले सांगते, कोणता गाळते, कुठं स्वतःच्या मनचं घालते, त्यात सगळं येते. पोरगी प्रेमाचा भाग दोन वाक्यात उरकून मैत्रिणीचं भांडण दहा मिनिटं सांगत असेल तर तिच्यासाठी सिनेमा भांडणाचा होता, पोस्टरवर काहीही असो. मधीच "आणि मग शेवट कसा वाटला?" असं टोकू नका, लगेच परीक्षेतल्यासारखं उत्तर येते.

बायांचं मत घरी विचारलं तर सासू उत्तर देते. वावरात जा. कमरेला ओटी बांधून तासात, म्हणजे कपाशीच्या ओळीत, वाकून वेचणी चालू असते, हात थांबत नाहीत, कोणी कोणाच्या तोंडाकडं पाहत नाही, म्हणून बोलणं मोकळं होते. पण वही काढून बांधावर उभं राहू नका, वेचणीचे पैसे किलोवर असतात, तुमच्यासाठी कोणी का थांबेल, तुम्ही पण एक तास धरा आणि वेचता वेचता विषय काढा. स्त्री कार्यकर्ती असेल तर तिलाच पाठवा. "त्या पोट्टीनं घरी सांगाले पाह्यजे होतं" असं एकजण म्हणते, लगेच पलीकडून "बापानं आयकलं असतं तं सांगितलं असतं ना" असं येते, आणि सुरू. सिनेमा बरा की वाईट हे कोणीच बोलत नाही, तुम्ही पण विचारू नका. त्या पोरीच्या जागी कोणाची बाजू कोण घेते ते ऐका.

बाप लोकांना पानठेल्यावर गाठा, तेही सिनेमातल्या बापाबद्दल नाही तर मास्तरबद्दल विचारून. मास्तरवर सगळे तुटून पडतात आणि थोड्या वेळानं कोणी तरी स्वतःच बापावर येते.

लिहिताना बोली साफ करू नका. "वडिलांचं पात्र वास्तववादी वाटलं" असं कोणी बोललं नव्हतं, "तो बाप मायवाल्या (माझ्या) बापासारखाच होता" असं बोललं होतं, तेच लिहा. स्टार देऊ नका, पाचपैकी साडेतीन म्हणजे काय ते अजून कोणाला कळलं नाही. नावं तर नाहीच, पण "नववीतली मुलगी" एवढं पण नको, नववीत चार पोरी असल्या तर अख्ख्या गावाला कळते कोण ते. नुसतं "एक मुलगी" पुरे. आणि ग्रुपवर टाकायच्या आधी जे बोलले त्यांना वाचून दाखवा, कोणी म्हटलं हे काढा तर काढून टाका, कायले म्हणून विचारत बसू नका.