स्टार जेटचा इतिहास लिहिताय? आधी नाव, तारखा आणि जागा तपासा

कंबरभर समुद्रात उभा असलेला रोलर कोस्टर: हा फोटो बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. तो अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा, सीसाइड हाइट्स गावातल्या कॅसिनो पिअरवरचा (समुद्रात खांबांवर उभारलेल्या, करमणुकीच्या धक्क्यावरचा) स्टार जेट. त्याच्यावर लिहिताना चुका ठरावीक ठिकाणीच होतात.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. याच पिअरवर आधी ‘जेट स्टार’ होता, जर्मनीच्या अँटोन श्वार्त्सकॉफ यांचा. त्याच्या जागी 2002 मध्ये ई अँड एफ मिलर कंपनीचा ‘स्टार जेट’ आला. नाव नुसतं उलटं केलेलं, त्यामुळे त्याला पाण्यात पाडणाऱ्या 2012 च्या सॅन्डी वादळाच्या बातम्यांतही सर्रास ‘जेट स्टार’ छापून आलं. म्हणून मथळ्यावर विसंबू नका, फोटोतले डबे मोठे करून बघा. सुटे छोटे डबे आणि त्यात माणसं एकापुढे एक, पाय लांब करून बसलेली, तर तो जुना जेट स्टार. जोडलेले डबे आणि शेजारी-शेजारी दोघं, तर स्टार जेट. डबेच दिसत नसतील तर फोटोचं साल शोधा. तेही मिळालं नाही तर नाव लिहू नका.

मापं घेताना एकक जपा. उंची 52 फूट, रूळ सुमारे 1,300 फूट. 0.3048 ने गुणलं की साधारण 16 मीटर आणि 396 मीटर. घाईत ‘52 मीटर’ लिहिलं की मध्यम उंचीचा पाळणा एकदम सोळा-सतरा मजली होतो.

शेवटाची तारीख एकच देऊ नका. सॅन्डी वादळ 29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री आठच्या सुमारास न्यू जर्सीतल्याच ब्रिगँटाइन गावाजवळ किनाऱ्याला धडकलं. पिअर खचला आणि सांगाडा बराचसा जोडलेला राहून पाण्यात गेला. तो हलवायला सुरुवात झाली 14 मे 2013 ला. म्हणून तीन नोंदी वेगळ्या ठेवा: शेवटचा हंगाम 2012, पडला ऑक्टोबर 2012, काढला मे 2013. समुद्रातल्या, लख्ख उजेडातल्या फोटोखाली ‘29 ऑक्टोबर’ असेल तर तारीख चुकीची समजा. अंधार पडल्यावर वादळ आलं होतं.

सप्टेंबर 2013 ची बोर्डवॉकवरची (किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या रस्त्यावरची) मोठी आगही यात मिसळली जाते. तिच्यात शेजारच्या सीसाइड पार्कमधला फनटाउन पिअर गेला. स्टार जेट त्याआधीच काढलेला होता.

2017 मध्ये कॅसिनो पिअरवर हायड्रस हा नवा रोलर कोस्टर आला. 72 फुटांची सरळ उभी चढण, 97 अंशांची उतरण. ‘त्याच जागी नवा’ असं मात्र लिहू नका. स्टार जेट लाटांवर उभ्या पिअरवर होता. हायड्रस उत्तरेला, वाळूवर वाढवलेल्या भागात आहे. जुना आणि नवा हवाई फोटो शेजारी ठेवून पाण्याची रेघ जुळवली की हा फरक लगेच दिसतो.