मीटरपेटीपासून विहिरीपर्यंत: भेंडीच्या हंगामाआधी ॲल्युमिनियम केबल निवडताना

भात झोडून खळं रिकामं झालं की मुरबाड-शहापूरकडे दोन कामं एकदम अंगावर येतात. भेंडीसाठी सऱ्या पाडायच्या, आणि पावसाळ्यात वर काढून ठेवलेली मोटर परत विहिरीवर न्यायची. सऱ्यांबद्दल कुणाला काही शिकवायला नको. पण चार महिने बांधावर भिजत पडलेली केबल असते, तिच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. या महिन्यात बघा. भेंडी तोड्यावर आली आणि मोटर जळाली, तर रिवायंडिंगचे चार दिवस वाशीचा बाजार आपल्यासाठी थांबत नाही.

माझी पाच एचपीची मोटर एकाच हंगामात दोनदा जळाली. दोन्ही वेळा मी मोटरीला शिव्या घातल्या. शेवटी वायरमनने पंप चालू ठेवून दोन्ही टोकांना मीटर लावला. मीटरपेटीत ३७० व्होल्ट, विहिरीवरच्या स्टार्टरला ३४०. मधले ३० व्होल्ट ३०० मीटर लांबीच्या चार एमएम (म्हणजे तारेचा छेद चार चौरस मिलिमीटर) ॲल्युमिनियम केबलने खाल्ले होते. दुकानदार म्हणाला होता, "पाच एचपीला चार एमएम रग्गड." ती केबल तेवढा करंट सोसते, हे त्याचं खरंच होतं. त्याने अंतर विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

व्होल्टेज कमी झालं म्हणून मोटर काम कमी करत नाही. तेवढंच पाणी उचलायला ती जास्त करंट ओढते, वाइंडिंग तापतं आणि एक दिवस वास येतो. सुरू होतानाचा करंट तर नेहमीच्या पाच-सहा पट असतो. बारीक केबलवर मोटर नुसती गुणगुणते आणि उचलत नाही, ते त्यामुळेच.

म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घेऊन अंतर मोजा. मीटरपेटी ते विहीर सरळ रेषेत नाही, केबल बांधाबांधाने जशी जाईल तसं. दिसायला २०० मीटर असलेलं शेत मोजताना सहज २६० भरतं. थ्री फेज पाच एचपीची मोटर साधारण ८ ते १० अँपिअर घेते. १० धरून हिशोब केला, तर २०० मीटरला सहा एमएम, ३०० मीटरला दहा एमएम आणि ५०० मीटरला सोळा एमएमची ॲल्युमिनियम केबल घेतल्यावर व्होल्टेजची घट १३ व्होल्टच्या आसपास राहते, म्हणजे ४१५च्या तीन टक्के. चार एमएम १०० मीटरपर्यंतच ठेवा. साडेसात एचपीला एक माप वर जा. सिंगल फेजच्या मोटरीला घट जास्त बोचते, कारण मुळात २३० व्होल्टच असतात. तिथे एक माप वर गेल्याने भागेलच असं नाही, वेगळा हिशोब करा.

तांबं घ्यावं का? विजेच्या दृष्टीने तांबं सरस आहे, वाद नाही. ॲल्युमिनियम तांब्याच्या सुमारे ६१ टक्के वीज वाहतं. पण दहा एमएम ॲल्युमिनियमचा रोध सहा एमएम तांब्याएवढाच असतो आणि त्यातल्या धातूचं वजन निम्मं. लांब पल्ल्याला पैशाचा हिशोब ॲल्युमिनियमच्या बाजूने झुकतो. शिवाय उघड्या माळावर रात्री सोडलेली तांब्याची केबल सकाळी जागेवर सापडेलच असं नाही. बोअरमध्ये किंवा विहिरीत उतरणारी चपटी सबमर्सिबल केबल मात्र तांब्याचीच ठेवा. सौर पंपाच्या पॅनलकडच्या वायरीही बदलून ॲल्युमिनियमच्या करू नका.

केबल घेताना आवरणावरचा छापील मजकूर वाचा. पीव्हीसी आवरणाच्या हेवी ड्युटी केबलवर आयएस १५५४, एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं प्लॅस्टिक) आवरणाच्या केबलवर आयएस ७०९८ हे मानक, आयएसआय खूण आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक मोबाइलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. पीव्हीसी ७० अंशांपर्यंत सोसतं, एक्सएलपीई ९० पर्यंत. एक गावठी परीक्षाही आहे. उरलेल्या तुकड्यातली एक मीटर उघडी तार सोनाराच्या काट्यावर टाका. दहा एमएमची तार २७ ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, सोळा एमएमची ४३. थोडं कमी भरलं तर चालेल. दहाची तार वीस ग्रॅम भरली तर ती दहाची नाही.

आता आपल्या भागाची गोष्ट. बांधावरून उघडी टाकलेली केबल उन्हाळ्यात राब भाजताना हमखास होरपळते. भाताच्या खाचरातले उंदीर आवरण कुरतडतात आणि पॉवर टिलरचं पातं उरलेलं काम करतं. लोखंडी कवचाची आर्मर्ड केबल पाऊण मीटर खोल गाडा, खाली-वर वाळू आणि वर विटांची ओळ द्या. वळणावर केबल मुरडू नका. जाडीच्या बारा पट तरी त्रिज्या ठेवा. कवचाला अर्थिंग लागतंच. अर्थिंगसाठी जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) वापरा, जमिनीत ॲल्युमिनियम पुरू नका. भिवंडीकडे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत आवरणाला एक चीर गेली तरी आतलं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन जातं. तिथे मधे जोड न देता एकसंध केबल घ्या.

आणि जोड! माझ्या मते निम्मा खर्च वाचवून आपण सगळं इथे घालवतो. सोललेल्या ॲल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि त्यातून वीज नीट जात नाही. शिवाय हा धातू मऊ. स्क्रूखाली दाबून धरला की हळूहळू पसरतो. तापला की पितळेपेक्षा जास्त फुगतो, निवला की आकसतो. पीळ मारून वर काळी टेप गुंडाळलेला जोड पहिल्या थंडीत ठीक वाटतो. मार्चपर्यंत तो ढिला होऊन ठिणग्या टाकायला लागतो. एक फेज तिथे तुटला की मोटर दोन फेजवर घुमते आणि जळते.

त्यामुळे तार सोलताना पात्याची खाच पडू देऊ नका. बारीक मापात एकच सलग तार असते, ती खाचेवर मोडते. तारेच्या ब्रशने घासा, लगेच जॉइंट पेस्ट लावा, मापाचं ॲल्युमिनियमचं थिंबल (तारेच्या टोकावर बसवायची टोपी) घाला आणि ते पक्कडीने नव्हे, क्रिम्पिंग टूलनेच दाबा. जिथे तांब्याची सबमर्सिबल केबल भेटते तिथे बायमेटॅलिक, म्हणजे दोन्ही धातूंचं थिंबल हवं, कारण तांबं आणि ॲल्युमिनियम ओलीत एकमेकांना चिकटले की ॲल्युमिनियम झिजतं. जोड विहिरीच्या काठावर, जमिनीपासून उंच, झाकणाच्या पेटीत ठेवा आणि केबल पेटीत खालून घ्या. हे सगळं काम मेन बंद करून, परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्या.

जुनी केबल चालवायची असेल तर त्याच वायरमनला ५०० व्होल्टचा मेगर (आवरणातून वीज गळते का ते तपासणारं यंत्र) लावायला सांगा. एक मेगओमपेक्षा कमी आलं तर ती बदला.

पंप तासभर चालला की वायरमनकडून दोन्ही टोकांचं व्होल्टेज मोजून घ्या आणि तारखेसह स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवा. भेंडीचा पहिला तोडा झाला की पुन्हा मोजा. मधला फरक वाढला असेल, तर आधी जोड उघडून बघा.