सनरूफ गळतंय? रबर बदलण्याआधी पन्हळ बघा

सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी शंभर टक्के अडवत नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. थोडं पाणी आत येणार हे धरूनच काचेखाली पन्हळ दिलेली असते. तिच्या कोपऱ्यांतून पेन्सिलीएवढ्या नळ्या निघतात. पुढच्या दोन विंडशील्डलगतच्या खांबांतून उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. नळी तुंबली की पन्हळ भरते आणि पाणी छताच्या कापडावर सांडतं. म्हणून काचेच्या कडेला सिलिकॉन फासू नका. मोरी तुंबली म्हणून कोणी नळाला बूच मारत नाही.

पुण्यात या नळ्यांचा खरा शत्रू गुलमोहर. त्याची बारीक पानं तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठी, नेमकी त्या भोकात बसणारी. त्यावर बांधकामांची धूळ आणि मेमधला वळवाचा शिडकावा, की घट्ट चिखल तयार.

आधी एक खात्री करा. पाऊस नसतानाही पायाशी ओल येत असेल तर दोष बहुधा एसीच्या पाण्याच्या नळीचा आहे. पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर आतल्या दिव्यापाशी, खांबाच्या आवरणावर ओल दिसली, तर सनरूफकडे वळा.

सनरूफ पूर्ण उघडा. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत, पन्हळीच्या तळाशी भोक दिसेल. तिथला गाळ ओल्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने वर काढून घ्या, भोकात ढकलू नका. रुळांवरचं ग्रीस मात्र पुसायचं नाही. मग मेडिकलमधून आणलेल्या 20 मिलीच्या सिरिंजने एकेका भोकात सावकाश 100 मिली पाणी सोडा. त्याच बाजूच्या पुढच्या चाकामागे किंवा दाराच्या बिजागरीपाशी काही सेकंदांत धार लागली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर नळी अर्धी तुंबलेली आहे. पाणी भोकातच साचून राहिलं तर पुढचं पाणी सोडू नका, ते आत सांडेल.

नळी मोकळी करायला गवत कापायच्या मशीनची 2 मिमी जाडीची नायलॉन दोरी घ्या, साधारण 2 मीटर. रविवार पेठेत बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत विचारा. टोक लायटरवर क्षणभर धरून गोल करा, नाहीतर ते नळीला भोक पाडतं. दोरी बोटांत फिरवत, हलक्या हाताने सरकवा. अडली की थोडी मागे घ्या, पुन्हा फिरवा. क्लचची जुनी तार कोणी सुचवली तरी वापरू नका. ती नळी फाडते, आणि बऱ्याच गाड्यांत याच खांबालगत पडद्याची एअरबॅग (धडकेत बाजूच्या काचांवर पडद्यासारखी उघडणारी) असते.

पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तर त्याहून वाईट. जोराच्या हवेने नळी वरच्या जोडातून निसटते, मग पाणी थेट छतात, आणि दुरुस्तीसाठी अख्खं अस्तर उतरवावं लागतं. हवाच वापरायची तर वरून व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या.

दोरी खालपर्यंत जाऊनही धार लागली नाही तर खालचं टोक बघा. बऱ्याच गाड्यांत तिथे चीर असलेली रबरी टोपी असते. ती दोन बोटांत दाबली की सुकलेल्या मातीची वडी निघते.

मागच्या नळ्यांची तोंडं सहसा हाताला लागत नाहीत. त्यासाठी बावधन-पाषाणच्या एखाद्या चढावर किंवा सोसायटीच्या रॅम्पवर गाडी तोंड वर करून लावा, हँडब्रेक ओढा, आणि बाजूच्या पन्हळीत पाणी सोडा. मागच्या चाकाजवळ किंवा बंपरखाली ते यायला हवं. आलं नाही तर वर्कशॉप गाठा, पण तिथे ‘रबर बदला’ न म्हणता ‘नळी जोडातून निसटली आहे का बघा’ असं सांगा.

शेवटी ओल. मॅट सुकली म्हणजे गाडी सुकली असं नसतं, कार्पेटखालचा फोम पाणी धरून ठेवतो. दाराच्या उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेट उचला, खाली वर्तमानपत्रं कोंबा, ओली झाली की बदला, आणि उन्हात काचा उघड्या ठेवून दोन-तीन दिवस वाळवा. तिथून वायरिंगही जातं. ओल राहिली तर जोडांवर हिरवट गंज चढतो आणि महिन्याभराने डॅशबोर्डवर भलताच दिवा लागतो.

हे काम मेच्या मध्याला करा, पुन्हा ऑक्टोबरात. गाडी रोज झाडाखालीच लागत असेल तर जुलैतही एकदा सिरिंज काढा.