कश्काई गालिच्याला लागलेली कसर

इराणमधल्या शिराझहून आणलेल्या आमच्या लहान कश्काई (तिथल्या भटक्या जमातीने विणलेल्या) गालिच्याला कपाटाखाली कसर लागली. लव झडून ताणा (उभे धागे) उघडा पडला. या भटक्यांच्या विणीत ताणाही बहुधा लोकरीचाच, त्यामुळे अळ्या तोही सोडत नाहीत. उलटा करून झटकला, दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम फिरवला, मग प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये उणे 20 अंशांवर आठवडाभर ठेवला. अंडीसुद्धा मरतात. ब्लीच किंवा सोडा मात्र अजिबात लावू नका. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा तो तांबडा रंग तुरटीने लोकरीत मुरवलेला असतो, त्याची वाट लागते. उघड्या जागी रफूवाल्याकडून लोकरीच्याच गाठी मारून घेतल्या. नवा तांबडा किंचित फिका आहे, पण या गालिच्यांत एकाच रंगाच्या छटा पट्ट्यापट्ट्यांनी बदलतातच, म्हणून खटकत नाही.