गेमसाठी किकस्टार्टरवर पैसे लावताय? या चुका टाळा

सांगलीतल्या ऊसवाहतूकदाराला विचारा, मुकादमाला उचल देणं म्हणजे काय ते. टोळी आली तर हंगाम, नाहीतर फोन बंद. किकस्टार्टर म्हणजे नव्या कल्पनेसाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमवणारी वेबसाइट; तिथं गेमला दिलेले पैसे याच जातीचे. तरी विश्रामबागेतली कॉलेजची पोरं ते प्री-ऑर्डर समजूनच भरतात. किकस्टार्टर हे दुकान नाही. ठरलेली रक्कम जमली की ते आपले 5 टक्के आणि पेमेंटचं शुल्क कापून बाकीचे पैसे निर्मात्याकडे देतात. गेम आलाच नाही तर परतावा मागायचा तो निर्मात्याकडे.

याहून मोठी चूक म्हणजे जमलेला आकडा बघून भुलणं. 'मायटी नंबर 9'नं 2013 मध्ये 9 लाख डॉलर मागितले, जमले 38 लाखांवर. वर 'मेगा मॅन' या गाजलेल्या गेमवाल्या केइजी इनाफुनेंचं नाव, मग काय! पैसा वाढेल तशी आश्वासनंही वाढली: आणखी कन्सोल, ऑनलाइन मोड. एप्रिल 2015 चा वायदा जून 2016 वर गेला, त्यातही शेवटची ढकलाढकली ऑनलाइन मोडमधल्या बगांपायी, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांपायी. एवढं थांबून गेम निघाला बेचव, आणि त्यातल्या स्फोटांची तर जगभर टिंगल झाली.

याउलट 'शॉव्हेल नाइट'. मागितले 75 हजार डॉलर, जमले 3 लाखांवर. स्ट्रेच गोल, म्हणजे जादा पैसे जमले तर जादा काय देऊ याची आश्वासनं, त्यांनीही वाटली होती, पण मूळ गेम जून 2014 मध्ये देऊन टाकला आणि उरलेलं पुरवत बसले ते थेट 2019 पर्यंत. म्हणून कॅम्पेनच्या पानावर आधी खेळतानाचा खरा व्हिडिओ शोधा आणि आश्वासनं मोजा. नुसती चित्रं आणि मुलाखती असतील तर माझ्या मते पाकीट खिशातच राहू द्या.

गेम कुठल्या स्टोअरवर मिळणार, हे फारसं कुणी वाचत नाही. 'शेनम्यू 3'ला 63 लाख डॉलर देणाऱ्यांपैकी पीसीवाले स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाच्या आशेवर होते. 2019 मध्ये गेम एपिक या दुसऱ्या दुकानावर गेला आणि बॅकर, म्हणजे पैसे देणारे, खवळले.

पेमेंट अडकलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का बघा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानंतर नव्या कार्डावर ते बंदच असतात. पैसे कॅम्पेन संपल्यावर कापले जातात, त्यामुळे तेव्हाही खात्यात शिल्लक हवी. टी-शर्ट, मूर्ती मिळणाऱ्या टियरला (पैसे देण्याच्या टप्प्याला) पोस्टेज आणि कस्टम ड्युटी लागू शकते. डिजिटल प्रतच घ्या.

अपडेट महिनोन्‌महिने आले नाहीत तर कॉमेंटमध्ये भांडत बसू नका. निर्मात्याला थेट मेसेज करून परतावा मागा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

आणि थांबण्याचा पर्याय असतोच. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या 'राजी'साठी 2017 मध्ये पुरेशी रक्कम जमली नाही, म्हणून कुणाच्या कार्डावरून काही कापलं गेलं नाही. गेम 2020 मध्ये आलाच, आणि ज्याला हवा त्यानं रिव्ह्यू वाचून विकत घेतला.