मिनीची मागची सबफ्रेम उतरवण्याआधी

पहिला पाना लावण्याआधी घरात दोन गोष्टी हव्यात: नवी सबफ्रेम, म्हणजे गाडीची मागची चाकं पेलणारा लोखंडी सांगाडा, आणि पुढचे चार कोरडे महिने. बाकीचं बरंचसं उसनं मिळतं. मी हे उलट्या क्रमाने शिकलो. मे महिन्यात हौसेने जुनी सबफ्रेम उतरवली, नवी अजून वाटेतच होती, आणि मृग वेळेवर लागला. गाडी दिवाळीपर्यंत मांगरात, म्हणजे घरालगतच्या खोपीत, घोड्यांवर (लोखंडी टेकूंवर) उभी राहिली आणि घासून चकचकीत केलेला पत्रा पुन्हा विटकरी झाला. तेव्हा ही यादी दुसऱ्या वेळेची आहे असं समजा.

गाडी 1972 ची मिनी 1000. मामांनी ती मुंबईत एका वकिलातीच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात घेतली आणि निवृत्तीनंतर मालवणला आणली. अलेक इसिगोनिसने 1959 साली आणलेल्या या गाडीला वेगळी चासी नाही. पुढे इंजिन-गिअरबॉक्स पेलणारी एक सबफ्रेम, मागे चाकं पेलणारी दुसरी, आणि मधे बॉडीचा पत्रा हाच सांगाडा. मागची सबफ्रेम म्हणजे पत्र्याच्या पोकळ पेट्या. चाकांनी उडवलेलं पाणी आत शिरतं, बाहेर पडत नाही, आणि गंज आतून बाहेर येतो. म्हणजे बाहेर पापुद्रा दिसला की आत काही उरलेलं नसतं. इंग्लंडात हेच होतं, फक्त तिथे मीठ रस्त्यावर टाकतात. आपल्याकडे ते वाऱ्यानेच येतं. हवेतला दमटपणा साधारण 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं, त्यामुळे किनाऱ्यावरचं लोखंड पाऊस नसतानाही ओलं असतं.

म्हणून मुहूर्त. तुळशीचं लग्न ते शिमगा, एवढाच काळ माझ्या मते कामाचा. भाताची झोडणी उरकलेली असते, खळं मोकळं असतं, दुपारी हवा कोरडी असते. उघडा पत्रा घासणं आणि त्यावर प्रायमर मारणं हे त्याच दुपारी, एका बैठकीत. संध्याकाळी घासून ठेवलेला पत्रा सकाळी बोट फिरवलं तर लाल लागतो. एप्रिल-मे मध्ये काम काढू नका. दमटपणा तर आहेच, वर चाकरमानी आले की मांगरात पोरं शिरतात आणि तुमचे बोल्ट आंबे पाडायला जातात.

आता खरी तयारी, आणि तिचा सबफ्रेमशी थेट संबंध नाही. सबफ्रेम विकत मिळते. मिनीचं उत्पादन 2000 साली थांबलं तरी तिच्या नव्या सबफ्रेम अजून बनतात. प्रश्न असतो ती ज्या पत्र्याला धरलेली आहे त्याचा. पुढची दोन माउंटिंग मागच्या सीटखालच्या उभ्या पत्र्याला, मागची दोन डिकीच्या फरशीखाली. सबफ्रेम सडली असेल तर शेजारचा पत्रा काय शहाणा राहिलेला असणार! बंदरावर होड्यांच्या इंजिनांची बैठक वेल्ड करणारे एक काका आहेत, त्यांना गाडी दाखवायला आणलं तर त्यांनी जॅककडे बघितलंही नाही. खिशातून टोच्या काढला आणि म्हणाले, “आदी पत्रो बघ रे, मगे बोल्टाक हात लाव.” त्यांनी टोचलेल्या नऊ जागांपैकी चार आरपार गेल्या. तुम्हीही टोचा: दाराखालच्या पट्ट्यांची मागची टोकं, तो सीटखालचा उभा पत्रा, बॅटरीची पेटी, डिकीच्या फरशीच्या कडा. टोच्या शिरला तिथे खडूने गोल करा, फोटो काढा आणि वेल्डिंगचे दिवस आताच ठरवून घ्या. होळीआधी वेल्डर मोकळा असतो हा गैरसमज आहे.

दाराखालच्या पट्ट्या मऊ निघाल्या तर सबफ्रेम सोडण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवा बसवून घ्या, नाहीतर मागचा आधार गेल्यावर बॉडी किंचित वाकते आणि दारं पुन्हा कधी नीट लागत नाहीत. दारांच्या फटी वर, मधे, खाली मोजून वहीत लिहा. शिवाय गवंड्याचा ओळंबा आणा. सबफ्रेम धरणाऱ्या चारही जागांवरून ओळंबा सोडून जमिनीवर खुणा करा आणि कर्णाची मापं घ्या. नवी बसवताना ती पाव इंचाने जुळत नसेल तर दोष तुमच्या बॉडीत की सबफ्रेममध्ये, हे त्या खुणाच सांगतील.

जागेबद्दल. शेणाने सारवलेल्या खळ्यात जॅक रुततो, हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे तेच करतात. काँक्रीटचा तुकडा नसेल तर जॅक आणि घोड्यांखाली आईनाच्या लाकडाच्या जाड फळ्या घाला. जांभ्याचे चिरे रचून गाडी त्यावर टेकवण्याचा मोह होईल, घराच्या मागे चिरे पडलेलेच असतात. नको. जांभा भिंतीत पसरून आलेलं ओझं वर्षानुवर्षं पेलतो, पण एका टोकावर आलेला भार त्याला झेपत नाही. कडा निखळते आणि गाडी खाली येते. त्या खाली तुम्ही असता. तसंच मांगराच्या आढ्याला चेन कप्पी टांगू नका, वाळवीने आत काय केलंय ते आपल्याला दिसत नाही. तशी गरजही नसते. मिनीचं वजन सगळं पुढे, मागची बाजू हलकी. घोडे सबफ्रेमच्या पुढे, दाराखालच्या पट्टीच्या ज्या भागात टोच्या शिरला नाही तिथे लाकूड घालून लावा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी द्या.

हत्यारांत एकच गोम आहे: गाडी इंचातली. 7/16, 1/2, 9/16 हे पाने लागतात. 1/2 वर 13 चा पाना ढिला का होईना बसतो आणि नेमका गंजलेल्या बोल्टची डोकी गोल करतो. 9/16 वर 14 चा जातच नाही. नवा सेट मागवण्याआधी गावातल्या जुन्या अँबॅसॅडरच्या मिस्त्रींकडे विचारा. तीही मॉरिसचीच लेक, तिचे पाने हेच. सॉकेट सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. पाइपचा तुकडा, तारेचा ब्रश, ग्राइंडर, छिन्नी हे असतंच.

बोल्ट आठ दिवस आधीपासून भिजवायला घ्या. तारेच्या ब्रशने आटे साफ करून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल, आणि वर हातोडीने हलके ठोके. आमच्या आईने आमसुलाचं पाणी सुचवलं होतं. तांब्याच्या कळशीला ठीक, बोल्टला नाही. सोडताना आधी केसभर आवळायचा, मग सोडायचा. बोल्ट तुटला तर तुटू दे. जास्त वाईट म्हणजे पेटीच्या आत वेल्ड केलेली नट सुटून बोल्टबरोबर गरगर फिरायला लागणं, कारण तिथे हात जात नाही. तसं झालं तर कुठून भोक पाडून नट धरायची आणि ते भोक कशाने बुजवायचं, हे आधीच ठरवलेलं असलं की त्या दिवशी डोकं शांत राहतं.

आगीचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. पेट्रोलची टाकी डिकीत डाव्या बाजूला, आणि डावीकडच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची वरची नट तिच्याच मागे. म्हणजे टाकी हलवावी लागतेच; तेव्हा ती सरळ रिकामी करून बाहेर काढा आणि मांगरापासून लांब ठेवा. बॅटरीही काढा. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत सरकत जाते आणि ग्राइंडरची ठिणगी शोधते. मांगरात गवत आणि नारळाची सोडणं रचलेली असतात, ती आधी हलवा. बादलीत वाळू ठेवा, पण नदीची. समुद्राची वाळू पत्र्यावर सांडली तर आपणच मीठ शिंपडल्यासारखं होईल. मागच्या ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं; ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा. चष्मा हवाच, डोक्यावर गंजाचे पापुद्रे पडतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर तेही.

सोडवायच्या जोडण्या कमी आहेत: एक्झॉस्ट, हँडब्रेकच्या तारा, सबफ्रेमवरच्या प्रेशर रेग्युलेटरकडे येणारा ब्रेकचा पाइप, दोन्ही शॉक अ‍ॅब्सॉर्बरची वरची टोकं. पेट्रोलचा पाइप आणि बॅटरीची जाड वायर कुठून जाते त्याचे फोटो काढा. ब्रेक ऑइल रंग खातं, खाली तसराळं धरा.

सुटे भाग मागवताना सबफ्रेम तुमच्या गाडीच्या सस्पेन्शनची आहे ना हे दोनदा बघा. रबरी कोनवर चालणाऱ्या सस्पेन्शनची वेगळी आणि द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रोलॅस्टिकची वेगळी. हायड्रोलॅस्टिक असेल तर आतलं द्रव दाबाखाली असतं; तो दाब जाणकाराकडून उतरवून घेतल्याशिवाय काहीच सोडू नका. सोबत माउंटिंगची रबरं, नवे बोल्ट, ब्रेकचे पाइप, हँडब्रेकच्या तारा आणि रेडियस आर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग मागवा. हे सगळं घरात येऊन, उघडून, जुन्याशी ताडून झाल्याशिवाय सुरुवात नाही. नव्या सबफ्रेमचा काळा रंग ही फक्त शोभा असते. बंदरावर होड्यांसाठी मिळतो तो झिंकचा प्रायमर आणि एपॉक्सी द्या, आतल्या पोकळीत मेण किंवा घट्ट तेल फवारा, आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. पूर्वी होड्यांच्या लाकडाला माशाचं तेल चोपडायचे, तेही चालेल असं काका म्हणाले. घरचे नाही म्हणाले.

पन्नास वर्षांपुढच्या गाडीसाठी 2021 च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर प्रत्येक टप्प्याचे तारखेसह फोटो ठेवा. बॉडीच्या मूळ स्वरूपाचा प्रश्न तिथे निघतो.

त्या दिवशी तीन माणसं बोलवा, दोन उचलायला आणि एक फक्त घोड्यांवर नजर ठेवायला. सबफ्रेम चाकांसकट सोडली तर बॉडी उचलून ती आपल्याच चाकांवर मागे ढकलत नेता येते. भंगारवाल्याला मात्र त्याच आठवड्यात बोलावू नका. माझ्या जुन्या सबफ्रेमवर हँडब्रेकची तार अडकवायची एक बारकी पट्टी होती. ती नवीवर नव्हती, आणि तिचं माप घ्यायला मला कट्टा गावच्या भंगारात अर्धा दिवस शोधाशोध करावी लागली.