गणिताच्या वर्कशीटमध्ये अंक सरकतात कसे? या चुका टाळा

आमच्या कर्नाटकातल्या शाळा मेअखेरीस उघडतात, सीमेपलीकडच्या महाराष्ट्रात, चंदगडातल्या जूनच्या मध्यावर. त्यामुळे बेळगावात डीटीपीचं दुकान चालवणाऱ्याला वर्कशीटचा हंगाम दोनदा सोसावा लागतो. चुका मात्र दोन्ही वेळा त्याच.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे स्पेसबार दाबून उभी बेरीज मांडणं. स्क्रीनवर एककाखाली एकक दिसतो, माणूस खूश. पण बहुतेक फॉन्टमध्ये स्पेस अंकाएवढी रुंद नसते. कॅलिब्रीत तर अंकाच्या निम्म्याहूनही कमी. फॉन्ट बदलला की मांडणी गेली.

खानापूरकडचे एक गुरुजी पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांचा फॉन्ट माझ्याकडे नव्हता. ३४७ खालचे ५८ एक घर डावीकडे सरकले, ८ बरोबर ४ च्या खाली. म्हटलं, "गुरुजी, जरा थांबा, टेबल करून देतो." तर म्हणाले, "चालतंय की ओ, पोरांना कळतंय." गठ्ठा घेऊन गेले. पोरांना कळलंच! दिसलं तसं त्यांनी ३४७ मध्ये ५८० मिळवले, उत्तर ९२७. उत्तरसूचीत ४०५. अर्ध्या वर्गाच्या कागदांवर लाल फुल्या, आणि तक्रार माझ्याकडे. त्या पोरांना एकक-दशक चांगलं येत होतं, म्हणून तर ९२७ आले.

उभ्या मांडणीला मी टेबलाशिवाय हात लावत नाही. एका घरात एकच अंक, घर एक सेंटिमीटर रुंद, अंक मधोमध. वर हातच्यासाठी रिकामी ओळ. डावीकडे चिन्हाचं घर. उत्तर एका अंकानं वाढलं तर त्याच्याच खालची जागा कामी येते. दशांश अपूर्णांक असतील तर टिंबालाही वेगळं, अरुंद घर द्यावं. बॉर्डर सगळ्यात शेवटी काढून टाकायची, उत्तरावरची रेघ तेवढी ठेवायची. घाई असणारे बॉर्डर आधीच काढून टाकतात आणि मग कुठला अंक कुठल्या घरात ते शोधत बसतात.

दुसरी चूक छपाईतली. 'ही ५ सेंमीची रेघ मोजा' असा प्रश्न असतो, फाइलमधलं पान लेटर साइजचं, ट्रेमध्ये कागद ए-फोर, आणि प्रिंट देताना 'फिट' निवडलेलं. २१५.९ मिमीचं पान २१० मिमीत कोंबलं की रेघ ४.९ सेंमीच्या आसपास येते. पट्टी लावणारं पोर बुचकळ्यात पडणारच. पान सुरुवातीलाच ए-फोर करा, छापताना 'अ‍ॅक्च्युअल साइज' ठेवा, आणि पहिल्या प्रतीवर खरोखरची पट्टी लावून बघा. झेरॉक्सचा ढीग पडल्यावर नव्हे.

टेक्स्ट बॉक्स माउसनं ओढून ओळीत लावू नका. वर एक ओळ वाढली की खालचे उधळतात.

पीडीएफ करून आणा, फॉन्ट आत बसवून. वर्ड फाइल आणलीत तर फॉन्टही आणा.

आणि आपल्या भागातली एक खास अडचण: टेबलातच मराठी सूचनेशेजारी कन्नड सूचना घालतात. कन्नड फॉन्टला उंची जास्त लागली की ती ओळ फुगते, खालची गणितं पुढच्या पानावर जातात. ओळीची उंची 'एक्झॅक्टली' करून ठेवा, पण कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरात अक्षराखाली येणारं छोटं अक्षर) कापले जात नाहीत ना, तेवढं डोळ्यांनी तपासा.